कांदा थांबत नाही

१९८० च्या नोव्हेंबरात आमच्या निफाड तालुक्यात शेतकऱ्यांचं जे आंदोलन झालं, त्याची आठवण सांगा म्हणून लोक अजून माझ्याकडे येतात. मागं एकदा कॉलेजची दोन पोरं मोबाइल पुढं धरून बसली. त्यांना वाटत होतं, हा बाबा रेल्वेच्या रुळावर बसला असणार, लाठ्या खाल्ल्या असणार. मी त्यांना चहा पाजला आणि इकडचं तिकडचं सांगून वाटेला लावलं. खरी गोष्ट अशी की आंदोलनाच्या ऐन दिवसांत मी रस्त्यावर नव्हतो. मी कांद्यात होतो. आणि जे केलं ते सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून चाळीस वर्षं सांगितलं नाही. आता नाना नाहीत, आईही नाही. आता लिहायला हरकत नाही.

आमचं गाव बाणगंगेच्या अंगाला, कसबे सुकेणे आणि खेरवाडी या दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांची शिट्टी वावरात ऐकू येते. चार एकर जमीन, त्यात एकरभर ऊस, दीड एकर कांदा, बाकी बाजरी-गहू. मी दहावी झालो आणि शाळा सुटली. घरात तेवढं शिकलेला मीच, म्हणून हिशेबाची वही माझ्याकडे.

ती वही आंदोलनाच्या आधीपासूनची आहे. शरद जोशींचं नाव तेव्हा आमच्याकडे नवीन होतं. स्वित्झर्लंडात बर्नला, टपालाच्या जागतिक संघटनेत मोठ्या पगाराची नोकरी सोडून हा माणूस चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू जमीन घेऊन बसला, हेच आधी कोणाला खरं वाटत नव्हतं. १९७९ साली त्यांनी शेतकरी संघटना काढली. १९८० च्या जानेवारीत वांद्रे ते चाकण असा पायी मोर्चा झाला, तो भावासाठी नव्हता, धड रस्ता करून द्या यासाठी होता. मग त्याच उन्हाळ्याच्या तोंडाला चाकणला कांद्यासाठी रस्ता अडवला गेला. ही बातमी आमच्याकडे कांद्याच्या गाड्यांबरोबरच आली. आडतीवर बसलेली माणसं एकमेकांना सांगायची, तिकडं पुणे जिल्ह्यात शेतकऱ्यांनी रस्ता धरला म्हणे.

पिंपळगाव बसवंतला माधवराव मोरे होते. त्यांचा आवाज मोठा आणि भाषा आमची. त्यांनी आणि आसपासच्या कार्यकर्त्यांनी जोशींना आमच्या भागात आणलं. एका सभेला मी नानांबरोबर गेलो होतो. जोशी शिव्या देत नव्हते, हात उगारत नव्हते. मास्तर गणित सांगतो तसं बोलत होते. कांदा पिकवायला खर्च काय येतो ते मांडा म्हणाले. बियाणं मांडा, खत मांडा, बैलाचं मांडा, आणि तुमच्या बायकोची निंदणीची मजुरीही मांडा. या शेवटच्या गोष्टीला माणसं हसली. नाना हसले नाहीत.

घरी आल्यावर म्हणाले, "काढ वही."

त्या रात्री कंदिलापाशी बसून आम्ही कांद्याचा हिशेब केला. रोप, लावणी, दोन निंदण्या, पाणी, काढणी, बारदान, हमाली, तोलाई. आईचे रोज मोजले, माझे मोजले, नानांचे मोजले. आमच्या वावरात क्विंटलला ४८ रुपये खर्च निघाला. आदल्या हंगामाच्या पट्ट्या काढून बघितल्या तर कुठं २०, कुठं २५, एखादी ३०. नाना बराच वेळ गप्प बसले. त्यांच्यावर सोसायटीचं कर्ज होतं आणि आजपर्यंत त्यांना असंच वाटत आलं होतं की आपल्याला संसार जमत नाही, आपण कुठंतरी जास्त उडवतो. उडवायला होतं काय? वर्षाला दोन धोतरं. पण माणसाला तसं वाटतं. त्या रात्री त्यांना पहिल्यांदा कळलं की आकडाच मुळात उणा आहे.

आता हा उणा आकडा दिल्लीत कसा ठरायचा, ते थोडं सांगतो, कारण पुष्कळ जण हे आंदोलन फक्त मुंबईच्या सरकारविरुद्ध होतं असं समजतात. मुंबईत अंतुले मुख्यमंत्री होते, लाठी त्यांच्या पोलिसांची होती, हे बरोबर. पण उसाची किमान किंमत केंद्र सरकार ठरवायचं. कारखान्याच्या साखरेतला मोठा हिस्सा लेव्ही म्हणून ठरलेल्या स्वस्त दरानं केंद्रच उचलायचं; मग कारखाना उसाला भाव देणार कुठून? कांदा परदेशी पाठवायचा तर तो नाफेडमार्फत, आणि किती पाठवायचा, कधी थांबवायचा, हे दिल्लीच्या हातात. त्याच वर्षी जानेवारीत लोकसभेची निवडणूक झाली होती. शहरात कांदा महागला म्हणून प्रचारात कांद्याचा गवगवा झाला, आणि इंदिराबाई परत निवडून आल्या. शहरात कांदा महाग झाला की सरकार पडतं, हे दिल्लीनं तेव्हा जे पाठ केलं ते आजतागायत विसरली नाही. वावरात कांदा मातीमोल झाला म्हणून मात्र कोणतं सरकार पडल्याचं मला आठवत नाही. जोशी याला ‘इंडिया’ आणि ‘भारत’ म्हणायचे. आमच्या नानांना ते लगेच कळलं. त्यांना भाषण नाही लागलं, पट्ट्या पुरल्या.

मागणी सरळ होती. उसाला टनाला ३०० रुपये आणि कांद्याला प्रतवारीप्रमाणे क्विंटलला ५० ते ७० रुपये. १० नोव्हेंबरला रस्ते आणि रेल्वे अडवायची ठरली. मुंबई-आग्रा रस्ता पिंपळगावला, आणि रेल्वे आमच्या पट्ट्यात.

आणि इथंच माझा कांदा येतो.

शहरातल्या वाचकासाठी सांगतो, कांदा एक नसतो. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात निघतो, त्याचा पापुद्रा जाड, चाळीत नीट भरला तर पाच-सहा महिने टिकतो. त्या कांद्यावर शेतकरी थोडा ताठ राहू शकतो, आज नाही विकला तर पुढच्या महिन्यात विकू म्हणतो. खरिपाचा लाल कांदा तसा नाही. त्याला आमच्याकडे पोळ कांदाही म्हणतात. तो दिवाळीच्या आगेमागे निघायला लागतो, अंगात पाणी भरलेलं, पापुद्रा पातळ. काढला की आठ-पंधरा दिवसांत त्याचं काय ते करावं लागतं. ठेवला तर कोंब फुटतो, मान कुजते, आणि एक कुजला की शेजारचा कुजतो. थंडीतही ढिगात हात घातला की आत गरम लागतं. त्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला विसरता येत नाही.

आंदोलन नोव्हेंबरात. आमचा दीड एकर लाल कांदा निघालेला, अर्धा पात कापून ढिगाला लावलेला, अर्धा वावरात.

नाना निघाले त्या पहाटे त्यांनी सदऱ्याला संघटनेचा लाल बिल्ला लावला. मीही निघालो तर म्हणाले, "तू ऱ्हाय. आईला एकटीला व्हणार नाही." आणि जाता जाता एवढंच बोलले, "कांदा मार्केटला न्यायचा नाही. कोणी बी येऊ दे, काही बी देऊ दे. आपण शब्द दिलाय."

दुपारनंतर बातम्या यायला लागल्या. गाड्या थांबल्या, हे आम्हाला कोणी सांगायच्या आधीच समजलं होतं, कारण शिट्ट्या बंद झाल्या होत्या. माणसं किती होती याचा आकडा मी सांगत नाही, जो तो वेगळा सांगतो. पण आमच्या गावात त्या दिवशी घरटी एक तरी पुरुष कमी होता. मग खेरवाडीला गोळीबार झाल्याची बातमी आली. दोन शेतकरी गेले. सुरुवातीला कोणी म्हणे पाच, कोणी म्हणे आपल्याच गावचा एक आहे. आई चुलीपुढं बसून राहिली, भाकरी तव्यावर काळी पडली तरी उलटली नाही. मी वेशीपर्यंत तीनदा गेलो आणि आलो. रात्री उशिरा तात्या आले, आमचे चुलते. म्हणाले, नाना धडधाकट आहेत, पण धरलंय. बसमध्ये कोंबून नेलं. कुठं नेलं ते माहीत नाही.

हजारो माणसं धरली होती. जेल भरले तेव्हा दूरदूरच्या जिल्ह्यांत नेऊन ठेवलं. धरलेल्यांत आमच्यासारखे दोन-चार एकरवाले होते, बागाईतदार होते, सरपंच होते, ज्यांनी आयुष्यात कधी पोलीसचौकीची पायरी चढली नव्हती असे म्हातारे होते.

नाना नव्हते ते दिवस मी आणि आई कांद्यापाशी होतो. पाचव्या-सहाव्या दिवशी ढिगाच्या तळाला ओल दिसली. आम्ही ढीग फोडला, कुजका वेचला, बाकीचा पुन्हा पसरला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आई बोलायची नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "सडू राह्यलाय रे. सगळा जाईल." घरात मीठ-मिरचीलाही उधारी चालली होती. धाकट्या बहिणीला ताप होता, डॉक्टरला पाच रुपये द्यायला नव्हते. हे मी कारण म्हणून सांगत नाही. असं होतं, एवढंच.

एक व्यापारी होता, नाव सांगत नाही, त्याचं खळं गावापासून दीड कोसावर. त्याचा माणूस अंधार पडल्यावर आला. रस्ते बंद आहेत, माल मुंबईला जात नाही, पण बंद उठल्यावर पहिल्या गाडीला त्याला माल लागणार होता. क्विंटलला २२ रुपये म्हणाला. माझ्या वहीत ४८ होते. मी आईकडं बघितलं, आईनं माझ्याकडं बघितलं नाही. ती आत गेली.

त्या रात्री मी एकट्यानं बारा गोण्या भरल्या, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ठेवल्या, आणि नदीकाठच्या गाडीवाटेनं खळ्यावर गेलो. वाटेत दोघांनी हटकलं, अंधारात. आमच्याच गावचे होते. कोण आहे म्हणाले. मी नाव सांगितलं. ते थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "जाय." त्यांनी पुढं कधी कोणाला सांगितलं नाही. त्यातला एक अजून आहे, पारावर रोज भेटतो, आम्ही त्यावर बोलत नाही.

खळ्यावर माझ्या आधी सहा-सात गाड्या उभ्या होत्या. तेही तोंड झाकून.

नाना सुटून आले तेव्हा बारीक झाले होते, दाढी वाढलेली. आल्या आल्या वावरात गेले. ढीग बघितला. किती कुजला, किती राहिला याचा त्यांना न मोजता अंदाज यायचा. बारा गोण्यांचा फरक त्यांना कळला नसेल हे शक्यच नाही. मी वही घेऊन पुढं गेलो. २२ रुपयांचा आकडा मी लिहिला होता, लपवला नव्हता. त्यांनी वही बघितली, मिटली, आणि म्हणाले, "पोरीचा ताप उतरला का?" तेवढंच. आयुष्यभर परत विषय काढला नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

आंदोलन वाया गेलं असं मी म्हणत नाही. त्या हंगामात आमच्या उसाला आधीपेक्षा चांगला भाव मिळाला. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे हिशेब मांडायची सवय लागली. पुढं निपाणीला तंबाखूवाले उठले, विदर्भात-मराठवाड्यात कापूसवाले उठले. १९८६ ला आमच्या शेजारच्या चांदवडला बायांचं अधिवेशन झालं, लाखांनी बाया आल्या. आईही गेली, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन, आणि दोन दिवसांनी आली ती घसा बसलेला. घरात कधी आवाज न चढवणारी बाई तिथं कशाला एवढी ओरडली असेल, हे आम्ही तिला विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

दिल्लीला मी स्वतः एकदा गेलो, १९८९ च्या २ ऑक्टोबरला. बोट क्लबवर सगळ्या देशातल्या शेतकऱ्यांची सभा होती. त्याच्या आदल्या वर्षी महेंद्रसिंह टिकैत उत्तर प्रदेशातले लाखो शेतकरी घेऊन त्याच हिरवळीवर आठवडाभर हुक्के ओढत बसले होते, राजीव गांधींच्या सरकारच्या दारात. तेव्हा ऑक्टोबरचा शेवट होता आणि गव्हाची पेरणी तोंडावर. पेरणीला माणूस घरी गेलाच पाहिजे. मी हे शेतकऱ्याच्या डोक्यानं बोलतो, त्यांच्या पुढाऱ्यांना विचारलेलं नाही. १९८९ ला टिकैत आणि जोशी एकत्र येणार होते. आमचा लाल कांदा वावरात होता, काढणीला अवकाश होता, म्हणून जाता आलं. मनमाडहून गाडी धरली, डब्यात उभ्यानं गेलो.

सभा झालीच नाही म्हटलं तरी चालेल. मी पार मागं होतो. पुढं व्यासपीठावर काहीतरी गडबड दिसली, माणसं चढताना-उतरताना दिसली, माईक बंद झाला. नंतर कळलं, टिकैतांच्या आणि जोशींच्या माणसांत धक्काबुक्की झाली. राजकारणात उतरायचं की नाही, पुढारी कोण, असं बरंच काही त्यामागं होतं. बाजूला एक मीरतकडचा जाट म्हातारा बसला होता. त्याची हिंदी मला अर्धी समजायची, माझी त्याला पाव. तरी सकाळपासून आमचं उसाच्या भावावर बोलणं चाललं होतं, त्याचा खर्च, माझा खर्च. गडबड झाल्यावर तो उठला, पगडी नीट केली, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. पुढं व्ही. पी. सिंगांचं सरकार आलं, दहा हजारांपर्यंतची कर्जमाफी झाली, त्यात सोसायटीचं थोडं फिटलं. पण खालची माणसं एका सतरंजीवर बसून हिशेब जुळवत होती आणि वरचे एका व्यासपीठावर मावले नाहीत, हे मला त्या दिवसापासून टोचत आलंय.

मग सिंघूचं सांगतो. २०२० ला केंद्रानं शेतीचे तीन कायदे आणले, तेव्हा आमच्या घरातच दोन तट पडले. मी जुना बिल्लावाला. बाजार मोकळा करा, सरकारनं हात काढावा, हे आम्ही जोशींकडून शिकलो. संघटनेचे पुष्कळ जुने लोक त्या कायद्यांच्या बाजूनं बोलले आणि मलाही त्यात सगळंच वाईट दिसत नव्हतं, आजही दिसत नाही. पण त्याच वर्षी, १४ सप्टेंबरला, त्याच सरकारनं कांद्याची निर्यात एका फटक्यात बंद केली. एका हातानं बाजार मोकळा आणि दुसऱ्या हातानं कुलूप. पुतण्या म्हणाला, "काका, आता कोणत्या तोंडानं बोलता?" मला उत्तर आलं नाही.

डिसेंबरात नाशिकहून गाड्यांचा जथा दिल्लीकडे निघाला त्यात पुतण्या गेला, राजस्थान-हरियाणाच्या हद्दीवर शहाजहाँपूरला. मी गेलो नाही. माझा लाल कांदा निघाला होता. तो विकून मोकळा झालो तेव्हा जानेवारीत गेलो, सिंघूला, चार दिवस.

तिथं मी भाषणं थोडी ऐकली आणि ट्रॉल्या जास्त बघितल्या. ताडपत्री टाकलेल्या, आत पराळ अंथरलेलं, त्यावर गाद्या. पीठ, डाळ, गॅस, सगळं गावाकडून. दिवसरात्र लंगर. संगरूरकडच्या एका सरदारजीला विचारलं, घरी गहू कोण बघतो? म्हणाला, शेजारी पाणी देतो. आठ-दहा दिवसांनी मी परत जाणार, तो इथं येणार, मी त्याच्या वावराला पाणी देणार. गावाची पाळी लागलेली होती. मी तेव्हाच मनात बोटं मोजली. भात ऑक्टोबरात निघाला, मंडीत हमीभावानं सरकारनं घेतला, पैसे हातात आले. गहू नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत पेरून झाला. २६ नोव्हेंबरला ते दिल्लीच्या वेशीवर. गव्हाला एप्रिलपर्यंत पाणी सोडलं तर फारसं काही लागत नाही. निघाल्यावरही तो ढिगात सडत नाही. म्हणून ते बसू शकले, वर्षाच्या वर. थंडी, ऊन, करोना. सातशेच्या वर माणसं गेली असं त्यांचा मोर्चा सांगतो. १९ नोव्हेंबर २०२१ ला पंतप्रधानांनी कायदे मागं घेतल्याचं जाहीर केलं. त्यांची हिंमत कमी होती असं मला म्हणायचं नाही, हिंमत होतीच. पण हिमतीला गव्हाची साथ होती. आमच्या नानांच्या हिमतीला लाल कांद्याची साथ होती, आणि तो पंधरा दिवसांत कुजतो.

हे दिल्लीला माहीत नसेल? ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा निर्यातबंदी आली. ऐन लाल कांद्याच्या वेळेला. ऑगस्टात ४० टक्के निर्यातशुल्क आधीच बसलं होतं. उन्हाळ कांदा चाळीत असताना बंदी घातली असती तर शेतकरी चाळीला कुलूप लावून महिना-दोन महिने भांडला असता. डिसेंबरात कशाला भांडतो? क्विंटलला साडेतीन-चार हजारांवर असलेला भाव काही दिवसांत निम्म्यावर आला. आमच्याकडचे लिलाव बंद पडले, चांदवडला मुंबई-आग्रा रस्ता अडवला गेला. तोच रस्ता, तोच महिन्याचा फरक.

मुलगा तेव्हा चांदवडला जायला निघाला होता. पायात बूट घातले आणि उभा राहिला. अंगणात ट्रॉली भरलेली, साठ क्विंटल, आणि वर ढग आलेले. माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, काय करू?"

मी म्हणालो, लिलाव सुरू झाले की पहिल्या दिवशी ट्रॉली लाव. आज रात्री कुजका वेचून घेऊ. त्यानं बूट काढले. मी बॅटरी धरली, तो वेचत होता, अकरा-साडेअकरापर्यंत. वहीत तो आता लिहीत नाही, मोबाइलमध्ये लिहितो. पण त्या रात्री मी जुनी वही काढली आणि त्याला ते पान दाखवलं, बारा गोण्या, २२ रुपये. त्यानं विचारलं, हे काय आहे? मग त्याला सगळं सांगितलं. नानांनंतर ते पान बघणारा तो पहिला.

तो म्हणाला, "मंग आजोबा तुम्हाला काहीच बोलले नाहीत?"

नाही, म्हणालो. आणि बॅटरी दुसऱ्या ढिगाकडे वळवली.